दोनदा निवृत्त झालेला माणूस

मराठीतला एक मुसलमान कथाकार वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कथेतून निवृत्त झाला. पुढच्या काही वर्षांत तो वर्तमानपत्राच्या नोकरीतूनही निवृत्त झाला. दोन्ही वेळा शाल-श्रीफळ नाही, निरोपसमारंभ नाही. पेन्शनचा तर प्रश्नच नव्हता. त्या माणसाचं नाव हमीद दलवाई.

निवृत्त पत्रकार म्हटलं की आमच्या गोंदियात एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर येतो. सकाळी पानठेल्यावर उभा, बगलेत पिवळ्या पडलेल्या कात्रणांची पिशवी, आणि तोंडी मनोहरभाई पटेलांच्या काळातल्या निवडणुकांपासून भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा निघाला त्या १ मे १९९९ पर्यंतच्या कहाण्या. प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एखादा असतो. तो गेला की चार दिवस हळहळ होते, कात्रणं रद्दीत जातात. अशांच्या आठवणी निघाल्या की मला हटकून दलवाई आठवतात, कारण त्यांना हे पानठेल्याचं म्हातारपण लाभलंच नाही. २९ सप्टेंबर १९३२ चा जन्म आणि ३ मे १९७७ ला मृत्यू. पुरी पंचेचाळीस वर्षंही नाहीत.

आज दलवाई म्हटलं की दोनच गोष्टी ऐकू येतात. बिगरमुस्लिम मित्र म्हणतात, 'तुमच्यात असे अजून चार हवे होते.' मोहल्ल्यात म्हणतात, 'तो? तो तर दीनच सोडून गेलेला.' दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांची एकही कथा वाचलेली नसते. मला भांडण आहे ते इथे. दलवाई सुधारक होते हे खरंच, पण आधी ते गोष्ट सांगणारे होते, मग बातमी आणणारे, आणि त्यानंतर सुधारक. हा क्रम उलटा लावला की माणूस हातातून निसटतो.

त्यांचं गाव मिरजोळी, चिपळूणला लागून. आमच्या गोंदियाहून तिथे जायचं तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं, एक दिवस आणि एक रात्र उलटल्यावर कऱ्हाडला उतरायचं, तिथून एसटीने पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. एका टोकाला आम्ही भाताच्या गिरण्या नि तेंदूपत्त्याची माणसं, दुसऱ्या टोकाला ते आंब्या-काजूचे. दोघंही मुसलमान, पण भाषेचा मामला अगदी वेगळा. आमच्याकडे घरात हिंदी-उर्दूची खिचडी, बाजारात छत्तीसगढी नि पोवारी, आणि मराठी शाळेत शिकायची. कोकणी मुसलमानांच्या घरात भांडण, अंगाई, शिवी, सौदा हे सगळं त्यांच्या कोकणी बोलीत चालतं. म्हणजे दलवाईंना मराठीत 'यावं' लागलं नाही. ते तिथेच होते. 'मुसलमान असून मराठी किती छान लिहिता' ही जी शाबासकी आमच्यासारख्यांना आजही मिळते, ती त्यांना किती विनोदी वाटली असेल!

तरुणपणी ते राष्ट्र सेवा दलात आले. त्या वयात बाकीची पोरं पोवाडे म्हणत होती. हा पोरगा ते म्हणता म्हणता गावातली माणसं न्याहाळत होता असं त्याच्या कथा वाचताना वाटतं. 'मौज', 'सत्यकथा' यांसारख्या ठिकाणी त्यांच्या कथा छापून आल्या. त्या काळी 'सत्यकथा'त कथा येणं म्हणजे काय हे जुन्या वाचकांना सांगायला नको. १९६१ साली 'लाट' हा कथासंग्रह आला आणि १९६५ साली 'इंधन' ही कादंबरी.

'इंधन'बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला एक माणूस पंधरा वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. जन्माने मुसलमान, श्रद्धेने फारसा काही नाही. तो येतो आणि गावात आधीपासून सुकत पडलेलं सगळं पेट घ्यायला लागतं. जमिनीची मालकी, जातीची उतरंड, मुसलमान-हिंदूंचे जुने हिशोब, आणि ज्याबद्दल गावात कुणी मोठ्याने बोलत नाही ते बाई-पुरुषांचे संबंध. कादंबरीत मुसलमान बिचारा नाही आणि खलनायकही नाही. तो कुळांवर हुकूमत गाजवणारा जमीनदार आहे, तोच भेदरलेला अल्पसंख्यही आहे. हे दोन्ही एकाच माणसात, एकाच ओसरीवर. आणि मुसलमानातच उच्च-नीच किती, हेही त्यात आहे. आपण वरवर म्हणतो, आमच्यात जात नाही. दलवाईंनी ते गावात उभं राहून तपासलं होतं.

मराठी साहित्यात तोवर मुसलमान पात्रं नव्हती असं नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर रेलचेल होती, फक्त ती सगळी किल्ल्यावर चालून येणारी. पाणी भरणारा, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणारा, शेजाऱ्याशी बांधावरून भांडणारा मुसलमान विरळा. तो दलवाईंनी आणला. 'इंधन'चं इंग्रजी पुढे दिलीप चित्र्यांनी केलं. मराठीतल्या थोर कवीला ही कादंबरी हाती घ्यावीशी वाटली, आणि आमच्यातल्या किती जणांना तिचं नाव माहीत आहे? मोजायला गेलं तर एका हाताची बोटं उरतील.

कथेवर पोट भरत नाही. दलवाई आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त बातमीदार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या रणधुमाळीत, १९५६ साली निघालेलं हे दैनिक. आरडाओरडा हा त्याचा स्वभाव. दलवाईंचं लिखाण मात्र ऐकणाऱ्याचं आहे. ते देशभर हिंडले, ठिकठिकाणच्या मुसलमानांशी बोलले आणि ते लिहीत गेले. साधना प्रकाशनाने अलीकडे त्यांच्या अशा लेखांचं पुस्तक केलं, त्याच्या नावात 'कानोसा' हा शब्द आहे. फार नेमका शब्द. कानोसा भिंतीला कान लावून घेतात, भाषण ठोकून नव्हे. मौलवी, व्यापारी, विद्यार्थी, पुढारी काय म्हणतात आणि म्हणता म्हणता काय लपवतात, हे टिपायला बातमीदाराचं पॅड आणि कथाकाराचा कान दोन्ही लागतात.

मग हा माणूस कथेतून का उठला?

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सरकारच्या दारात एक मोर्चा गेला. मोर्चात बायका सात. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा त्यांच्यात होत्या. मागणी अशी की तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी घाला, सगळ्यांना एकच नागरी कायदा द्या. मुख्यमंत्री होते आमच्या विदर्भातलेच, पुसदचे वसंतराव नाईक. सात बायकांच्या मोर्चाला मोर्चा म्हणायचं का, अशी थट्टा तेव्हा कुणी तरी केलीच असेल. पण आकडा बघताना हेही बघावं की त्या साली मुसलमान बाईने या प्रश्नावर रस्त्यात उभं राहणं म्हणजे घरी परतण्याची वाट बंद करून घेणं होतं.

मला तो आकडा थट्टेचा वाटत नाही, त्याला घरचं कारण आहे. माझ्या अब्बांची एक चुलत बहीण, आमची फुफी. तिला पोस्टाने तलाक आला. तीन वेळा तोच शब्द, खाली सही. ती तेव्हा तिशीतही नव्हती. माहेरी परतली आणि पुढची सगळी वर्षं विड्या वळत राहिली. रात्री पत्ता भिजत घालायचा, सकाळी कात्रीने कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोऱ्याने बांधायचा. मजुरी हजारावर. ठेकेदार मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढी, त्याचे पैसे नाहीत. आमच्या भागातल्या कित्येक घरांत ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेली अशी एक बाई असायची आणि ती तिथे का बसली आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. तिच्या नवऱ्याने केलं ते बरोबर नाही, हेही सगळे म्हणत. आणि 'पण तलाक तर झाला' असंही म्हणत. या 'पण'च्या विरोधात सात बायका मुंबईत उभ्या राहिल्या होत्या, आणि फुफीला मरेपर्यंत ते कळलं नाही.

दलवाईंच्या बाबतीत मला असं वाटतं की कानोसा घेता घेता अशा ओसऱ्या त्यांना इतक्या दिसल्या की कथा पुरेनाशी झाली. कथाकाराला पात्राशी बेइमानी करता येत नाही. त्याला तलाक देणाऱ्या पुरुषाचंही मन उघडून दाखवावं लागतं. चळवळीला तेवढी उसंत नसते. 'इंधन'नंतर त्यांच्या हयातीत नवी कादंबरी आली नाही, नवा कथासंग्रह आला नाही. १९६८ साली आलं ते 'मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे व उपाय'. त्याच सुमारास ए. बी. शहांच्या सोबतीने इंडियन सेक्युलर सोसायटी, आणि २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. नाव महात्मा फुल्यांच्या समाजाकडून घेतलेलं. त्या नावात मला नेहमी एक शहाणपण दिसतं. फुल्यांनी पैगंबरांवर 'मानव महंमद' हे काव्य लिहिलं होतं. सत्यशोधक हा शब्द मुसलमानाला परका नव्हताच. तो पुण्याच्या मातीतून उचलला, बाहेरून मागवला नाही.

आता या सगळ्यात घर कसं चाललं? चरित्रात्मक लेखांत हा प्रश्न उरकून टाकतात. उत्तर आहे मेहरुन्निसा. त्या पुण्याच्या उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. १९५६ साली लग्न झालं, निकाहानंतर स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणीही केली. म्हणजे ज्या हक्कांसाठी पुढे मोर्चा काढायचा, ते आधी स्वतःच्या बायकोला कागदावर लिहून दिले. मेहरुन्निसा खादी ग्रामोद्योग आयोगात नोकरी करत. नवरा निवृत्त झाला तो त्यांच्या पगारावर. दोन मुली, पाहुण्यांचा राबता, धमक्यांची पत्रं, उधळलेल्या सभा, आणि महिन्याच्या एक तारखेला येणारा तो एक पगार. त्यांचं आत्मकथन 'मी भरून पावले आहे' मराठीत आहे. उर्दू घरातली बाई मराठीत आपलं आयुष्य सांगते, हे आम्हा वैदर्भीय मुसलमानांनी तर खास लक्षात ठेवायला हवं. आमचीही वाट तीच आहे, घरातली एक भाषा आणि लिहायची दुसरी.

दलवाईंशी माझं सगळंच पटतं असं नाही. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांची चिकित्सा केली, ती मला बरीचशी पटते. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यामागचं मन असं होतं की मुसलमानाकडे फक्त धर्माच्या चष्म्यातून बघू नका, तो विणकर आहे, शेतमजूर आहे, पिंजारी आहे, तांबोळी आहे, त्याच्या पोटाचं काय ते बोला. दलवाईंच्या वैचारिक लेखनात हा पोटाचा मुसलमान कमी दिसतो. गंमत म्हणजे त्यांच्याच कथांमध्ये तो भरपूर आहे! कथाकार दलवाईंना जे दिसत होतं ते विचारवंत दलवाईंनी बाजूला सारलं, असं मी म्हणेन. भाषणात 'मुस्लिम समाज' हा एकच गोळा होतो. 'लाट'मध्ये तो कधीच एक गोळा नव्हता.

दुसरी गोष्ट मार्गाची. असगर अली इंजिनियर कुरआन हातात घेऊन वाद घालत. बघा, इथेच न्याय सांगितला आहे, तुम्ही वाचायला चुकलात. दलवाईंनी ती वाट घेतली नाही. त्यांचं म्हणणं, बाईचा हक्क राज्यघटनेतून येतो, माणूस म्हणून येतो. तो सिद्ध करायला आयतीचा आधार शोधायची गरज नाही. तर्क म्हणून हे सरळ आहे. पण आमच्या फुफीला कोणता माणूस समजावू शकला असता? इंजिनियर, असं मला वाटतं. मात्र फुफीच्या भावांना, जे तिच्यावर अन्याय झाला हे कबूल करून गप्प बसले होते, त्यांना हलवायला दलवाईंचाच धक्का हवा होता. समजूत घालणाऱ्यांची आमच्यात कमी नव्हती. धक्का देणारा एकच निघाला, आणि त्याला आम्ही दाराबाहेर ठेवलं.

त्यांना दाराबाहेर ठेवल्याचा फायदा कुणी घेतला तेही सांगायला हवं. दलवाईंनी हिंदू जातीयवादावरही तेवढंच कडक लिहिलं आहे. ते भाग कुणी उचलत नाही. मुसलमानांना बोल लावणारी चार वाक्यं कापून दरवर्षी फिरवली जातात. पूर्ण पुस्तक वाचलं की फिरवणाऱ्यांचीच अडचण होते. पण पुस्तक वाचायचं कुणी? ज्यांचा वारसा होता ते आपण तर हात लावायलाच तयार नाही.

मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्या दुखण्यातच ते गेले. मरण्याआधी सांगून ठेवलं होतं की कोणतेही धार्मिक संस्कार नकोत. चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. आमच्यात मय्यतीला खांदा देणं हे शेवटचं कर्ज मानतात, भांडण असलं तरी लोक चाळीस पावलं चालतात. दलवाईंनी समाजाला तेवढीही चाळीस पावलं दिली नाहीत. मला विचाराल तर हे मला आजही खटकतं. ते चुकले म्हणून नव्हे, तो त्यांचा हक्कच होता. खटकतं ते यासाठी की गावकऱ्यांना माफी मागायची एकुलती एक वाट कब्रस्तानाच्या रस्त्याने जाते आणि ती त्यांनी बंद केली. त्यांच्या आतला कथाकार हे जाणून होता अशी मला शंका आहे.

ते गेल्यानंतरचं सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. इंदूरच्या शाहबानो, तलाकाच्या वेळी बासष्ट वर्षांच्या. उच्च न्यायालयाने पोटगी ठरवली महिना १७९ रुपये २० पैसे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८५ मध्ये ती कायम केली आणि देशात वादळ उठलं. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने निघाला. वाटेत ठिकठिकाणी विरोध झाला. महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज जिथून आमच्याकडे येते, तिथूनच निघालेल्या त्या बायका. १९८६ च्या कायद्याने निकालाची धार बोथट झाली. पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. सात बायकांच्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. मेहरुन्निसा त्याच वर्षी जून महिन्यात वारल्या होत्या. अडीच महिने.

२०१९ च्या कायद्याने तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद केली. १९६६ च्या मोर्चातल्या बायकांनी नवऱ्याला तुरुंगात घालायची मागणी केली नव्हती; त्यांना हक्क हवा होता. नवरा आत गेला तर घरखर्च कोण देणार, हा विडी वळणाऱ्या बाईचा सवाल कायदा करणाऱ्यांना सुचला नाही. बातमीदार दलवाई असते तर ते आधी गावोगाव जाऊन बायकांना हेच विचारून आले असते.

गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागातली मराठी शाळांतून शिकलेली मुस्लिम मुलं-मुली आता लिहू लागली आहेत, काही मला लिखाण पाठवतात. कविता पुष्कळ असतात, त्यात देशप्रेमाची शपथ असते किंवा जखमेची तक्रार. गोष्ट क्वचित. मोहल्ल्यातला सावकार, हजच्या पैशांवरून भांडणारे भाऊ, ओसरीवरची फुफी हे अजून कुणी लिहिलेलं नाही. त्यांना मी आधी 'लाट' आणि 'इंधन' वाचायला सांगतो, मग मेहरुन्निसांचं पुस्तक, आणि भाषणं-लेख सगळ्यात शेवटी. परवा एकीने 'इंधन' परत आणून दिलं. म्हणाली, सर, यातले लोक तर आमच्याच घरचे आहेत, फक्त भाषा वेगळी बोलतात. मी तिला म्हटलं, मग आता आपल्या भाषेतले लिही. ती म्हणाली, 'घरच्यांनी वाचलं तर?'